अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाची कोरी जागा

आमच्या वार्षिकीचे तीन भाग असतात: राजकारण, खेळ आणि सार्वजनिक जीवन. बावीस वर्षं मी तिचं संकलन करते आहे, आणि भेटेल तो माणूस सहानुभूतीने विचारतो, राजकारणावरून फार वाजत असेल ना? छे! राजकारण आम्ही एका दुपारी हातावेगळं करतो. रक्त आटवतो तो खेळ.

नदीमुळे आमच्या मुलखाला दोन काठ मिळाले, हे निसर्गाचं काम. दोन काठांचे दोन मुलूख झाले, हे माणसांचं. वाटणी झाली तेव्हा मी शाळेत होते. पोलीस वाटले गेले, बसगाड्या वाटल्या गेल्या, पुलाला दोन नावं मिळाली. ग्रंथालयातल्या मोठ्या शब्दकोशाचा पहिला खंड आमच्याकडे राहिला आणि दुसरा पलीकडे गेला, त्यामुळे निम्मे शब्द आम्हाला अजून उसने मागावे लागतात. वार्षिकी तेवढी एकत्र राहिली, कारण तहाच्या कागदांत तिची वाटणी करायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. वर्षातून एकदा निघणारं तीनशे पानांचं पुस्तक, दोन्हीकडे घरोघरी जातं. डाव्या काठाकडून ते मी पाहते आणि उजव्या काठाकडून मास्तर. डावं-उजवं नदी वाहते त्या दिशेने ठरवलंय, म्हणजे निदान तेवढ्यावर तरी वाद नको.

मास्तर म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक. माझ्या कार्यालयातल्या फोनवरून पलीकडे लागत नाही, म्हणून दर मंगळवारी अकराला त्यांचा फोन घरी येतो. आणि दर मंगळवारी पावणेअकराला आमची वहिनी म्हणते, "वन्सं, केस विंचरून घ्या." फोनवर केस कसे दिसणार, हे तिला विचारण्यात अर्थ नाही. मी चोपन्न वर्षांची आहे, मास्तर बासष्टचे, आणि वहिनीला अजून आशा आहे.

आमचा नियम साधा आहे. ज्या मजकुरावर दोघांची सही, तो छापायचा. ज्यावर एकमत नाही तिथे जागा कोरी सोडायची, तीही मोजून. वाद तीन ओळींचा असेल तर तीन ओळी कोऱ्या, एका शब्दाचा असेल तर एका शब्दाएवढी फट. फट बुजवायची नाही, कारण इथे किती भांडण झालं हे वाचकाला दिसायला हवं. लोक पुस्तक घरी नेतात आणि त्या फटी पेन्सिलीने भरतात, आपापल्या मताने. कुणाच्या घरी गेलं की मी आधी तेच उघडून बघते. माणूस कसा आहे ते लगेच कळतं.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वादाच्या जागांची यादी होते. तिचे दोन कागद, एक माझ्याकडे आणि एक मास्तरांकडे. त्या आठवड्यात फोन बंद. दोघांनी एकमेकांना न विचारता लाल पेन्सिलीने आपल्याला मान्य असलेला शब्द लिहायचा, खाली सही करायची, आणि ठरलेल्या दिवशी दुपारी बाराला कागद पाठवून द्यायचा. कागद रुग्णवाहिकेतून जातात, कारण पुलावर फक्त तीच गाडी तपासणीशिवाय सोडतात. दोन्ही कागदांवर एकच शब्द आला तर तो छापायचा. जुळलं नाही तर दुसऱ्या दिवशी चारपर्यंत दुसरी फेरी, आणि तरीही नाही जुळलं तर कोरी जागा. बावीस वर्षांत पहिल्या फेरीत दोनदा जुळलं. एकदा एका माजी न्यायाधीशांच्या वयाबद्दल आणि एकदा चुकून.

आता या वर्षाचं सांगते. जानेवारीत आमच्याकडे निवडणूक झाली आणि नगरमंडळाच्या अध्यक्षपदी टायरवाले आले. त्यांचं टायरचं दुकान आहे, आणि प्रचारभर त्यांनी एकच सांगितलं: आपलं ते आपल्यापुरतं. फेब्रुवारीत पूल एकोणीस दिवस बंद होता, कारण आम्ही आपल्या अर्ध्या कठड्याला निळा रंग दिला, त्यांनी पिवळा, आणि मधला एक खांब कुणाचा ते ठरेना. तो शेवटी तसाच गंजका राहिला. मेमध्ये दोन्ही मंडळांची बैठक ठरली, पण टेबल गोल की चौकोनी यावर अडलं, म्हणून सगळे उभ्यानेच बोलले. बैठक अर्ध्या तासात आटोपली. इतकी उपयोगी बैठक आजवर झाली नव्हती. ऑगस्टमध्ये दोन्ही काठांचे बसचालक एकाच दिवशी संपावर गेले, एकमेकांना न सांगता. हे सगळं आम्ही सुरळीत छापलं, एका शब्दाचीही फट न ठेवता.

आणि मार्चमध्ये झाला काठसामना.

पूल जिथून जातो तिथे नदीत एक बेट आहे आणि बेटावर मैदान. वर्षातून एकदा दोन काठांचे फुटबॉल संघ तिथे खेळतात. पंच एका वर्षी इकडचा, दुसऱ्या वर्षी तिकडचा. यंदा पाळी इकडची होती आणि पंच होता माझा मोठा भाऊ, आमचा दादा.

सामना दोन-दोन असा बरोबरीत होता. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला त्यांच्या एका गड्याने लांबून फटका मारला. चेंडू आमच्या गोलच्या आडव्या दांड्याला खालून लागला, खाली आपटला आणि बाहेर उसळला. आमच्या गोलरक्षकाने झेप घेऊन तो पकडला आणि काही झालंच नाही अशा थाटात पुढे फेकला. दादा पाच पावलांवर होता. त्याने शिट्टी वाजवली आणि हात मधल्या वर्तुळाकडे केला. गोल. उजवा काठ तीन-दोनने जिंकला.

चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर? डाव्या काठाच्या चार हजार माणसांनी तो बाहेर पडताना पाहिला, उजव्या काठाच्या चार हजारांनी आत. नेमक्या त्या क्षणी माझ्या चपलेचा पट्टा तुटला होता आणि मी बाकाखाली वाकून चप्पल शोधत होते. वर आले तेव्हा सगळं मैदान ओरडत होतं. आठ हजारांत काहीच न पाहिलेली मी एकटीच, आणि वार्षिकीत लिहायचं काम माझं.

दादा वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासायचे, खोटी मापं जप्त करायची, हे त्याचं काम. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्याने वहिनीच्या वडिलांच्या दुकानातला तराजू जप्त केला होता. "तेव्हाच कळलं मला कुणाच्या गळ्यात माळ घातली ते," असं वहिनी सांगते, आणि सांगताना तिचा चेहरा फुललेला असतो. या माणसाने गोल दिला म्हणजे गोल होता, हे मला न बघताही ठाऊक होतं. पण आमच्या काठाला ते पटेना. दादा विकला गेला, अशी बोलवा झाली. कुणी म्हणे पलीकडून त्याला घर मिळणार आहे. एरवी वर्षाला तीस-चाळीस सामने असायचे त्याचे, शाळांचे, कारखान्यांचे, गल्ल्यांचे. मार्चनंतर एकाही सामन्याचं बोलावणं आलं नाही. बाजारात तपासणीला गेला की दुकानदार विचारायचे, "साहेब, आज वजन आत की बाहेर?" तो वजनं उलटी करून शिक्का बघायचा. शिट्टी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लटकत राहिली. रविवारी सकाळी तो उगीच बूट पुसायचा आणि पुन्हा खणात ठेवायचा.

सगळ्यांनी पाठ फिरवली असं मात्र नाही म्हणता येणार. एक विचित्र गोष्ट घडत होती. आमच्या संघाचा गोलरक्षक म्हणजे कोपऱ्यावरचा बेकरीवाला. आडदांड, तीन मुलांचा बाप, पिठाने कायम भुवया पांढऱ्या. दर शनिवारी आम्ही त्याच्या बेकरीतून सहा पाव आणतो. मार्चनंतर पिशवीत सात यायला लागले. वहिनी दोनदा परत द्यायला गेली, तर म्हणाला, "असू द्या वहिनी, मोजताना चुकलं." दर शनिवारी चुकायचं. वहिनीने दादाला विचारलं की यावर तुमच्या खात्यात काही कलम आहे का. दादा म्हणाला, कमी दिलं तर आहे, जास्त दिलं तर नाही. सातवा पाव मी खायचे.

डिसेंबरात वादाची यादी झाली. वर्षभरात वाद एकच उरला होता, एका आकड्याचा. 'काठसामना: डावा काठ दोन, उजवा काठ ...' आणि पुढे फट.

टायरवाले अध्यक्ष माझ्या खोलीत आले. खुर्चीवर न बसता हीटरपाशी हात शेकत उभे राहिले.

"बाई, दोन-दोन लिहा. नाहीतर कोरं राहू द्या. पण तो तीनचा आकडा माझ्या काठाच्या बाईने लिहिलेला मला चालणार नाही."

"अध्यक्ष, मला काढायचं तर दोन्ही काठांची सही लागते," मी म्हटलं.

"काढतंय कोण तुम्हाला? पण खोलीत हीटर असावा की नसावा, खुर्चीला हात असावेत की नसावेत, ते माझ्या एकट्याच्या सहीने होतं." एवढं बोलून ते गोड हसले. माणूस वाईट नाही, टायर खरोखर चांगले विकतो. पण त्या दिवशी मला त्यांचा भयंकर राग आला.

घरी जेवताना मी विषय काढला. कोरं ठेवलं तर कुणाचंच काही जात नाही, असं मी आपलं चाचपून पाहत होते. दादाने भाजीचा वाडगा खाली ठेवला.

"चिमे, तुला काय लिहायचं ते तू लिही. तुझी नोकरी आहे. पण एक सांगतो. दोन लिहिलंस तर मी चुकलो असं होईल. माणूस चुकतो, ते मी सोसेन. कोरं ठेवलंस तर मी तिथे नव्हतोच असं होईल. वर्षभर मी तिथेच उभा आहे गं. तिथून हललोच नाहीये."

वहिनी पाणी आणायच्या निमित्ताने उठून गेली. मी चोपन्न वर्षांची बाई दादासमोर डोळे पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी बाराला पाच कमी असताना मी लाल पेन्सिलीने तीन लिहिलं आणि सही केली. बावीस वर्षांत पलीकडच्या बाजूने लिहिलेला माझा पहिला आकडा. आकडा चांगला ठसठशीत आला. बाराला तो रुग्णवाहिकेतून गेला आणि साडेबाराला त्याच गाडीतून मास्तरांचा कागद आला. मी निवांत पाकीट फोडलं, कारण मास्तर तीन लिहिणार यात शंका नव्हती. त्यांचाच काठ जिंकला होता.

मास्तरांनी दोन लिहिलं होतं.

शेजारी समासात त्यांच्या बारीक, सरळ अक्षरात मजकूर होता: 'बाई, एक गोल कमी झाल्याने आमच्याकडे कुणी उपाशी राहणार नाही. तुमच्याकडे बरोबरी झाली की लोकांचा राग उतरेल आणि तुमच्या दादांना पुन्हा मैदान मिळेल. आमच्या लोकांना काय सांगायचं ते मी बघून घेतो.'

मी कागदाकडे बघत हसायला लागले, ते थांबेचना. बावीस वर्षं आम्ही दोघं आपापल्या काठाचं घोडं दामटत होतो आणि जागा कोऱ्या राहत होत्या. यंदा दोघांनी एकमेकांचं खरं केलं, तरी जागा कोरीच. आणि खरी पंचाईत पुढेच होती. दुसऱ्या फेरीत मी मास्तरांचा मान राखून दोन करायचं आणि त्यांनी माझा मान राखून तीन करायचं, म्हणजे कागद पुन्हा पुलावर एकमेकांना ओलांडून जाणार. बरं, दुसरीही एक वाट होती, आणि ती मला स्वच्छ दिसत होती. मास्तरांचा कागद तसाच धरून ठेवायचा आणि त्यांच्या दोनखाली आपलीही सही ठोकायची. टायरवाले खूश, काठ खूश, माझी खुर्ची शाबूत. एक सही पुरली असती.

मी कागद घरी नेऊन दादापुढे ठेवला. त्याने चष्मा लावून समासातला मजकूर दोनदा वाचला.

"फार भला गृहस्थ आहे," तो म्हणाला. मग चष्मा काढून पुसला. "पण गोल होता."

"मग आता? फोन करायची बंदी आहे."

"नियम आण बघू." मी नियमांचा कागद आणला. दादाने तो तराजू तपासावा तसा वरपासून खालपर्यंत तपासला. "फोन करायचा नाही, वेगळं पत्र लिहायचं नाही, कुणाबरोबर निरोप धाडायचा नाही. जायचं नाही असं कुठे लिहिलंय?"

"दादा, मला त्या बाजूला जाऊन अकरा वर्षं झाली."

"तुझा संकलकाचा पास आहे. माझा पंचाचा परवाना एकतीस डिसेंबरपर्यंत चालतो. उद्या सकाळी निघू."

वहिनीने दुसऱ्या दिवशी माझे केस स्वतः विंचरले. मी निमूट बसून राहिले, कारण या वेळी तिच्या म्हणण्याला तोड नव्हती.

पुलावरून चालत वीस मिनिटं लागतात. निळा कठडा, गंजका खांब, मग पिवळा कठडा. पलीकडची गल्ली आमच्यासारखीच निघाली, तेच वाळत घातलेले कपडे, तेच एका बाजूला कललेले विजेचे खांब. मास्तर एका सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्यांत राहतात. दार त्यांनीच उघडलं. अंगात स्वेटर उलटा होता आणि हातात माझा कागद.

"बाई! हे काय केलंत तुम्ही? तीन?" त्यांनी नमस्कारही केला नाही.

"आणि तुम्ही काय केलंत? दोन?"

"मी विचार करून केलं."

"मीही झोपेत नाही केलं मास्तर!"

दादा आमच्या मागे जिन्यावर उभा होता. तो खाकरला. मास्तर बाजूला सरले आणि म्हणाले, "या. माफ करा. पंच आहात ना तुम्ही. मार्चमध्ये मी गोलच्या मागेच बसलो होतो."

आम्ही आत बसलो. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, एक लाकडी मोजपट्टी आणि फळीवर वार्षिकीचे अंक ओळीने लावलेले. मास्तर चहा टाकायला गेले आणि मी सवयीने एक अंक ओढून कोऱ्या जागा उघडल्या. फटींमध्ये पेन्सिलीने लिहिलेलं होतं. वाचलं आणि मला माझेच शब्द दिसले. दुसरा अंक काढला, तिसरा काढला. सगळीकडे आमच्या काठाचं म्हणणं, मी त्या त्या वर्षी लाल पेन्सिलीने लिहून पाठवलेलं, अक्षर न अक्षर.

"मास्तर, तुमच्या प्रतीत तुम्ही आमचं लिहिता?"

ते दारात चहाची किटली घेऊन उभे होते. अवघडले. "आमचं मला पाठच आहे हो. तुमचं विसरायला होऊ नये म्हणून लिहून ठेवतो."

माझ्या घरच्या बावीस प्रतींत मी काय लिहिलंय ते मला आठवलं. प्रत्येक फटीत आमचंच, आणि काही ठिकाणी उद्गारचिन्हासकट. मला इतकी लाज वाटली की मी चहा गरमच गिळला.

दादाने मात्र कामाचं विचारलं. "मास्तर, गोलच्या मागे होतात म्हणता. काय पाहिलंत?"

"चेंडू आत पडला. वीतभर आत. चुना उडाला नाही, म्हणजे रेषेला लागला नाही. रेषेच्या पलीकडे गवतावर पडला."

दादाने डोळे मिटले. नऊ महिन्यांत हे त्याला सांगणारा पहिला माणूस पलीकडचा निघाला. "मग खोटं का लिहिलंत?"

"तुम्हाला सामने मिळत नाहीत, असं बाई मंगळवारी बोलल्या होत्या. दर मंगळवारी बोलतात."

"मास्तर, तुमचे उपकार आहेत. पण किलोला एक ग्रॅम कमी ते कमीच. कुणावर दया म्हणून मला माप वाढवता येत नाही, घटवताही येत नाही. माझ्यासाठी तर नाहीच नाही."

मी पिशवीतून मास्तरांचा कागद काढून टेबलावर ठेवला. खिशातून खोडरबर काढून त्यांनी दोन खोडलं आणि तीन लिहिलं. त्यांच्याकडचा माझा कागद शेजारी ठेवला. दोन्ही तीन शेजारी शेजारी दिसले, एक माझा गोल गरगरीत, एक त्यांचा टोकदार. चारला अजून पाच तास होते.

पुढचं लवकर सांगते. वार्षिकी निघाली. खेळाच्या भागात यंदा एकही फट नव्हती, आणि आमच्या सहीखाली तीनचा आकडा होता. टायरवाल्यांनी शब्द पाळला. जानेवारीच्या पहिल्याच सोमवारी हीटर गेला आणि माझ्या खुर्चीच्या जागी बिनहातांचं स्टूल आलं. मी घरून शाल आणि उशी नेली. मास्तरांनी रुग्णवाहिकेतून गरम पाण्याची रबरी पिशवी पाठवली, आणि तिच्याबरोबर चिठ्ठी की ही वैद्यकीय वस्तू असल्याने नियमात बसते. वहिनीने ती पिशवी शेजारणींना बोलावून दाखवली.

लोक मात्र गोंधळले. त्यांना फटी भरायची सवय, आणि इथे भरायला फटच नाही. मग त्यांनी खोडायला घेतलं. न्हाव्याच्या दुकानात वार्षिकीची प्रत ठेवलेली असते, ती मी मुद्दाम जाऊन बघितली. कुणी तीन खोडून दोन लिहिलं होतं, ते खोडून कुणी पुन्हा तीन, त्यावर पुन्हा दोन. खोडून खोडून कागद फाटला होता आणि आकड्याच्या जागी करंगळी जाईल एवढं भोक पडलं होतं. न्हावी म्हणाला, "बाई, पण बघा हां, तीन लिहिणारेसुद्धा इकडचेच आहेत. दुसरं कोण येतंय माझ्याकडे?" हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी त्या भोकाकडे नव्याने बघितलं आणि बऱ्याच दिवसांनी मला बरं वाटलं.

त्याच शनिवारी सकाळी पाव घेऊन बेकरीवाला स्वतः आला. एरवी आम्हीच आणतो. वहिनीने पिशवी घेतली आणि सवयीने मोजले.

"अगंबाई, आज सहाच! मोजायला शिकलात की काय?"

तो हसला नाही. दारातच उभा राहिला, भुवयांवर पीठ, दोन्ही हात पाठीमागे. दादा टेबलाशी बसून बूट पुसत होता.

"काका," तो दादाला म्हणाला, "बॉल आत होता."

दादाचा हात थांबला.

"मी पकडला तेव्हाच मला माहीत होतं. माझा गुडघा रेषेच्या मागे होता आणि बॉल त्याच्याही मागे. मी बोललो नाही. चार हजार लोक माझ्या बाजूने ओरडत होते हो, तोंडच उघडेना. मग दिवस गेले आणि जास्तच अवघड झालं. आता आपल्याच पुस्तकात आलंय, इकडच्या सहीने. म्हटलं, एका बाईला लिहिता येतं तर मला बोलता का येऊ नये?" त्याने बोट दाखवलं ते माझ्याकडे, आणि मी उगाच पदर सावरला. "काल संघाच्या बैठकीत सगळ्यांना सांगून टाकलं. दोघं-तिघं भांडले. बाकीचे गप्प बसले. मग कप्तान म्हणाला, जा, काकांना विचारून ये. उद्या सकाळी सराव सामना आहे. याल का?"

दादा बुटाला कापड लावून तसाच बसून राहिला. त्याची हनुवटी हलत होती. शेवटी वहिनीच स्वयंपाकघरात गेली, खिळ्यावरची शिट्टी काढली, नळाखाली धुतली, पदराने पुसली आणि त्याच्यासमोर ठेवली.

"रेषांना नवीन चुना मारा," दादा म्हणाला. "दाट मारा. आणि पाव सहा म्हणजे सहाच द्यायचे यापुढे."

"हो काका."

बेकरीवाला गेल्यावर दादाने बूट खणात ठेवले नाहीत, दाराशी ठेवले. वहिनी म्हणाली, आता मंगळवारी मास्तरांना काय काय सांगाल, यादी करून ठेवा. मी यादी करायला बसले, आणि पहिल्यांदाच तिने केसांचं काही म्हटलं नाही.

रविवारी मी पायांत पट्ट्याचे बूट घालून पुढच्या बाकावर बसले आणि नव्वद मिनिटं एकदाही खाली वाकले नाही.